मधला बोगदा

चॅनेल टनेलबद्दल वाचताना बहुतेकांच्या डोळ्यांपुढे दोनच बोगदे येतात, एक जायचा आणि एक यायचा. इंग्लंडमधलं फोकस्टन आणि फ्रान्समध्ये कालेजवळचं कोकेल यांच्यामध्ये समुद्राखालून गाड्या धावतात त्या याच दोन बोगद्यांतून. पण बोगदे तीन आहेत. तिसरा या दोघांच्या मधोमध आहे, अंगाने बारीक. त्यात रूळ नाहीत, ओव्हरहेड वायर नाही. गाडीत बसलेल्या माणसाला तो दिसत नाही आणि सगळं सुरळीत असेल तर आयुष्यभर दिसणारही नाही. तरी मला या सगळ्या कामात तोच सर्वांत मोलाचा वाटतो. मधला बोगदा समजला की बाकीच्या दोघांची रचना आपोआप उलगडत जाते.

आधी मापं. एकूण लांबी ५०.४५ किलोमीटर, त्यातले सुमारे ३८ किलोमीटर प्रत्यक्ष समुद्राखाली. गाड्यांच्या बोगद्यांचा आतला व्यास ७.६ मीटर आणि त्या दोघांमधलं अंतर ३० मीटर. मधल्याचा व्यास ४.८ मीटर. दर ३७५ मीटरवर एक आडवी वाट मधल्या बोगद्याला दोन्ही बाजूंच्या बोगद्यांशी जोडते आणि तिच्या तोंडाशी पोलादी दार असतं. मधल्या बोगद्यात हवेचा दाब बाजूच्या बोगद्यांपेक्षा मुद्दाम थोडा जास्त ठेवलेला असतो. त्यामुळे दार उघडलं की वारा आतून बाहेर, म्हणजे गाडीच्या दिशेने सुटतो. धूर दारापर्यंत आला तरी तो वाऱ्याविरुद्ध आत शिरू शकत नाही. ही साधी गोष्ट लक्षात असू द्या, पुढे ती माणसांचे जीव वाचवणार आहे.

हवेचा प्रश्न या कल्पनेला पहिल्यापासून चिकटलेला आहे. १८०२ मध्ये अल्बेर मातिए-फाव्हिए या फ्रेंच अभियंत्याने खाडीखालून घोडागाड्यांचा रस्ता सुचवला. आत तेलाचे दिवे, आणि श्वास घ्यायला लाटांच्या वर डोकं काढणारी धुराडी. १८८० नंतर दोन्ही किनाऱ्यांवरून प्रत्यक्ष खोदकामही झालं. खोदणारं यंत्र दाबलेल्या हवेवर चालायचं आणि वापरून झालेली हवा तोंडाशी काम करणाऱ्या माणसांच्या श्वासाला यायची. बोगद्याचा व्यास सव्वादोन मीटरपेक्षाही कमी. दोन्ही बाजूंनी दीड किलोमीटरहून अधिक खोदून झाल्यावर ब्रिटिश लष्कराला या वाटेने शत्रू चालून येईल अशी भीती वाटली, आणि १८८२ मध्ये काम थांबलं. १९७० च्या दशकात पुन्हा सुरुवात झाली, तीही जानेवारी १९७५ मध्ये पैशांअभावी सोडून दिली गेली. मात्र एकोणिसाव्या शतकातलं ते भुयार कुठलंही अस्तर नसताना दशकानुदशकं उभं राहिलं. नंतरच्या अभियंत्यांसाठी याहून चांगला पुरावा दुसरा नव्हता.

पुरावा होता खडकाचा. आपल्याकडे बोगदा म्हटलं की सह्याद्रीचा काळा पाषाण आठवतो, सुरुंग लावून फोडलेला, पावसाळ्यात कातळाच्या सांध्यांतून पाझरणारा. इंग्लिश खाडीखालचा खडक याच्या अगदी उलट स्वभावाचा आहे. वरच्या थरात पांढराशुभ्र खडू, डोव्हरच्या कड्यांवर दिसतो तोच. त्यात भेगा असतात आणि भेगांत पाणी. सर्वांत खाली निळसर करडी चिकणमाती, दाब पडला की फुगणारी, सरकणारी. या दोघांच्या मध्ये चिकणमाती मिसळलेल्या खडूचा थर आहे. त्याला चॉक मार्ल म्हणतात. मऊ, त्यामुळे यंत्राचे दात त्यात सहज जातात. चिकणमातीमुळे पाणी जवळजवळ अडवणारा. आणि कापल्यावर काही काळ स्वतःच्या बळावर उभा राहणारा. बोगदा खोदणाऱ्याला याहून अधिक काय हवं? अडचण एकच, हा थर जाडीला बेताचा आहे आणि सपाट नाही. म्हणून बोगदा सरळ रेषेत जात नाही. थर जिकडे वळतो, खाली जातो, वर येतो, तिकडे तो जातो, समुद्रतळाच्या सरासरी ४० मीटर खालून.

हा थर नेमका कुठे आहे हे समुद्रात भोकं पाडून आणि ध्वनिलहरी सोडून बरंच कळलं होतं. पण बरंच कळणं आणि पुढच्या वीस मीटरवर काय आहे हे कळणं यात फरक आहे. मधल्या बोगद्याचं पहिलं काम हेच होतं. तो आधी खोदायचा, मोठे दोघे मागून. त्याच्या तोंडातून पुढे बारीक भोकं मारून खडक तपासायचा. खडक वाईट लागला तर मधल्यातूनच बाजूला भोकं मारून सिमेंटचं ग्राउट, म्हणजे पातळ मिश्रण, भरायचं, म्हणजे मोठं यंत्र तिथे पोचेल तेव्हा जमीन आधीच बांधलेली असेल. घरात दिवा घेऊन पुढे जाणाऱ्या माणसासारखं हे काम, फक्त अंधार ३८ किलोमीटरचा.

इंग्लंडच्या बाजूने मधला बोगदा डिसेंबर १९८७ मध्ये सुरू झाला, फ्रान्सच्या बाजूने फेब्रुवारी १९८८ मध्ये. एकूण अकरा टीबीएम, म्हणजे बोगदा खोदणारी यंत्रं, लागली, ब्रिटिशांची सहा आणि फ्रेंचांची पाच. इथे दोन देशांची दोन मतं दिसतात, आणि ती हट्टातून आलेली नव्हती, जमिनीतून आलेली होती.

फ्रेंच किनाऱ्याजवळ थर तिरके आहेत, तुटलेले आहेत, आणि यंत्राला सुरुवातीलाच भेगाळ, पाण्याने भरलेल्या खडूतून जावं लागणार होतं. म्हणून त्यांची यंत्रं बंद तोंडाची. कटरहेडच्या, म्हणजे खडक कापणाऱ्या फिरत्या तोंडाच्या, मागे कोंडलेली जागा, कापलेला माल त्यातून स्क्रूने बाहेर काढायचा, आणि पुढच्या पाण्याचा दाब आत येऊ द्यायचा नाही. अस्तराचे काँक्रीटचे सेगमेंट, म्हणजे वक्र तुकडे, एकमेकांना बोल्टने आवळलेले आणि सांध्यांत रबरी पट्टी. कामाला वेळ जास्त लागतो, पण पाणी आलं तरी बिघडत नाही. सुरुवात सांगात गावाजवळच्या एका प्रचंड विहिरीतून झाली, ५५ मीटर व्यासाची. यंत्रं तिच्यातूनच खाली सोडली. मधल्या बोगद्यात समुद्राकडे निघालेल्या यंत्राचं नाव होतं ब्रिजिट.

ब्रिटिशांची जमीन कोरडी असणार होती, म्हणून त्यांनी वेगासाठी यंत्रं निवडली. तोंड उघडं. अस्तराचे सेगमेंट बोल्टशिवाय. दीड मीटर रुंदीचं कडं जुळवायचं, शेवटी पाचरीसारखा तुकडा ठोकायचा, की सगळं कडं फुगून भोवतालच्या खडूला घट्ट बसतं. जमीन चांगली असेल तर ही पद्धत फार सुंदर आहे. स्वस्त, झटपट, आणि खडकाचा दाबच कड्याला धरून ठेवतो. पण तिची अट कडक आहे. कडं जिथे टेकायचं तो खडक जागेवर हवा.

तो जागेवर नव्हता. किनारा सोडून पुढे गेल्यावर भेगाळ, ओल्या खडूचा पट्टा लागला. यंत्राची ढाल, म्हणजे त्याचं पोलादी कवच, पुढे सरकली की तिच्या मागे, कडं बसायच्या आत, माथ्यावरची ढेकळं निसटून पडायची. माथ्यावर पोकळी झाली की कडं कशाला टेकून फुगणार? वरून खारं पाणी यंत्राच्या विजेच्या भागांवर गळायचं आणि ते बंद पडायचं. महिन्यांमागून महिने काम रखडलं. उपाय एकाच झटक्यात सापडला नाही. ढालीच्या मागे माथ्याला आधार देणारी जादा पोलादी पट्ट्यांची सोय, विजेच्या भागांवर पाणी न येईल अशी झाकणं, जिथे फारच वाईट तिथे काँक्रीटऐवजी ओतीव लोखंडाचे सेगमेंट, आणि मोठ्या यंत्रांसाठी मधल्या बोगद्यातून आगाऊ ग्राउट. कोरडी जमीन गृहीत धरून केलेली निवड चूक होती असं मला म्हणवत नाही, कारण तो पट्टा ओलांडल्यावर हीच यंत्रं भराभर पुढे गेली. मात्र मधला बोगदा आधी नसता तर हाच धडा मोठ्या बोगद्यांत शिकावा लागला असता, दीडपट रुंद माथ्याखाली.

दोन्ही बाजूंची तोंडं समुद्राखाली एकमेकांना भेटवायची कशी? वरून खूण करता येत नाही, समोर काही दिसत नाही. दोन्ही देशांचे नकाशे वेगळ्या पायावर बेतलेले, समुद्रसपाटीची मोजणीही वेगळी. म्हणून आधी उपग्रहांच्या मदतीने दोन्ही किनारे एकाच जाळ्यात बांधले. आत लेझर यंत्राला दिशा दाखवायचा आणि गायरो-थिओडोलाइट या कोन मोजणाऱ्या उपकरणाने उत्तर दिशा पुन्हा पुन्हा तपासली जायची. बोगद्यात एक सूक्ष्म शत्रू असतो, गरम हवा. भिंतीलगतची हवा मधल्या हवेपेक्षा उबदार असली की तिच्यातून जाणारा प्रकाश किंचित वाकतो, आणि ती चूक किलोमीटरमागून किलोमीटर साठत जाते.

३० ऑक्टोबर १९९० ला, दोन तोंडांमध्ये सुमारे शंभर मीटर उरले असताना, ५० मिलिमीटरचं भोक मारून पलीकडची बाजू गाठली. मधल्या बोगद्याची चूक निघाली आडवी ३५८ मिलिमीटर आणि उभी ५८. इंग्लंडहून २२.३ किलोमीटर आणि फ्रान्सहून १५.६ किलोमीटर आल्यावर हातभरापेक्षाही कमी. ब्रिटिश यंत्र बाजूला वळवून तिथेच पुरलं गेलं आणि उरलेलं अंतर माणसांनी हातातल्या हत्यारांनी कापलं. १ डिसेंबरला ग्रॅहम फॅग आणि फिलिप कोझेत या दोन कामगारांनी त्या भगदाडातून हात मिळवले. पुढच्या वर्षी २२ मे आणि २८ जूनला मोठे बोगदे जोडले गेले. तिथेही ब्रिटिश यंत्रांची तोंडं खाली वळवून काँक्रीटमध्ये बुजवली आणि फ्रेंच यंत्रं त्यांच्यावरून पुढे निघून आली. अशा वेळी त्या दहा जणांचीही आठवण ठेवायला हवी, ज्यांनी या कामावर जीव गमावला. त्यांतले आठ ब्रिटिश होते.

६ मे १९९४ ला राणी एलिझाबेथ आणि राष्ट्राध्यक्ष मितराँ यांनी उद्घाटन केलं. वाहतूक सुरू झाली आणि खऱ्या अर्थाने मधल्या बोगद्याची नोकरी सुरू झाली.

ताशी १४० किलोमीटरने जाणारी सुमारे पाऊण किलोमीटर लांबीची गाडी बोगद्यात सिरिंजमधल्या दट्ट्यासारखी वागते. पुढची हवा दाबली जाते, मागे पोकळी होते, आणि हवेशी झगडण्यात इंजिनाची बरीच ताकद खर्च होते. म्हणून दर २५० मीटरवर दोन मीटर व्यासाच्या नळ्या दोन मोठ्या बोगद्यांना जोडतात, मधल्याच्या डोक्यावरून कमान करून. गाडीपुढची हवा या नळीतून शेजारच्या बोगद्यात निसटते. तरी घर्षणाची आणि मोटारींची उष्णता उरतेच, आणि ती जायला जागा नाही. खडू उष्णता फार हळू शोषतो. काहीच केलं नसतं तर आतलं तापमान माणसाला आणि यंत्रांना सोसण्यापलीकडे गेलं असतं. म्हणून गाड्यांच्या बोगद्यांत भिंतीलगत थंड पाण्याचे नळ फिरवले आहेत आणि दोन्ही किनाऱ्यांवर पाणी थंड करणारे कारखाने रात्रंदिवस चालतात. आतली हवा साधारण २५ अंशांच्या आसपास राखली जाते.

ही ऊब एकदा भलत्याच प्रकारे महागात पडली. डिसेंबर २००९ मध्ये उत्तर फ्रान्समध्ये पिठासारखा बारीक, कोरडा बर्फ पडत होता. नेहमीच्या ओल्या बर्फाला अडवणाऱ्या जाळ्यांतून तो इंजिनांच्या आत शिरला. बाहेर थंडीत तो कोरडाच राहिला, काही बिघडलं नाही. गाड्या उबदार, दमट बोगद्यात शिरताच तो वितळला, पाणी विजेच्या उपकरणांवर पसरलं आणि एकामागून एक पाच युरोस्टार गाड्या समुद्राखाली बंद पडल्या. दोन हजारांहून अधिक प्रवासी तासन्‌तास अडकले, दिव्यांविना, कोंदट हवेत. बिघाड ना बर्फात होता, ना बोगद्यात. तो या दोघांच्या मधल्या काही मिनिटांत होता.

आता आग. ट्रक वाहून नेणाऱ्या गाड्यांचे डबे वजन वाचवण्यासाठी जाळीदार, उघडे असतात. धावत्या गाडीत वारा आगीला फुलवतो. १८ नोव्हेंबर १९९६ ला फ्रान्सहून निघालेल्या अशाच एका गाडीवर एक ट्रक पेटला. तेव्हाचा नियम होता की थांबायचं नाही, पलीकडे बाहेर काढून मग विझवायचं. पण चालकाला डब्याचा आधार खाली लोंबत असल्याचा इशारा मिळाला, म्हणजे गाडी रुळावरून घसरण्याची भीती, आणि त्याला थांबावं लागलं. थांबताच मागचा धूर पुढे आला आणि गाडीवर पसरला. आगीने ओव्हरहेड वायरचा पुरवठा तुटला. धूर मागे ढकलायचे मोठे पंखे सुरू केले, पण पात्यांचा कोन चुकीचा असल्याने काही मिनिटं त्यांनी हवा ढकललीच नाही. चालकाला समोरचा आडव्या वाटेचा क्रमांकही दिसेना.

गाडीवर ३४ माणसं होती. शेवटी आडव्या वाटेचं दार उघडलं, आणि मधल्या बोगद्यातली जास्त दाबाची हवा बाहेर आली. तिने धुरात स्वच्छ हवेचा एक बुडबुडा केला, दारापासून डब्यापर्यंत. त्या बुडबुड्यातून सगळी माणसं मधल्या बोगद्यात पोचली आणि तिथून पलीकडच्या बोगद्यातल्या गाडीने बाहेर पडली. एकही दगावलं नाही.

अस्तराची अवस्था मात्र वाईट होती. दाट, मजबूत काँक्रीटच आगीत धोक्याचं ठरतं, कारण आतला ओलावा वाफ होतो आणि वाफेला निघायला छिद्रं नसतात. मग पापुद्र्यामागून पापुद्रा स्फोटाने उडतो. काही ठिकाणी ४० सेंटिमीटरच्या अस्तराची जाडी जेमतेम दोन सेंटिमीटर उरली होती. भाग्य असं की मागचा चॉक मार्ल घट्ट होता. दुरुस्ती शॉटक्रीट, म्हणजे फवाऱ्याने मारायचं काँक्रीट, वापरून झाली. ११ सप्टेंबर २००८ ची आग याहून मोठी. ती १६ तास जळत होती. तेव्हाही माणसं आडव्या वाटेनेच सुटली. त्यानंतर उपाय बदलला. दोन्ही बोगद्यांत मिळून चार ठिकाणी, प्रत्येकी ८७० मीटर लांबीचे टप्पे ठरवले, जिथे छतातून पाण्याचं धुकं फवारलं जातं. गाडी पेटली तर कुठेही थांबायचं नाही, जवळच्या टप्प्यावर नेऊन थांबायचं. नियम ‘बाहेर काढा’ वरून ‘थांबा’ वर गेला आणि तिथून ‘ठरलेल्या जागी थांबा’ वर आला. प्रत्येक शब्दामागे एक आग आहे.

मधल्या बोगद्यात आग विझवणारे आणि दुरुस्तीवाले रबरी चाकांच्या खास गाड्यांनी फिरतात. ४.८ मीटरच्या नळीत अशी लांब गाडी वळवता येत नाही, म्हणून तिला दोन्ही टोकांना चालकाच्या जागा आहेत. पाण्याच्या वाहिन्या, नियंत्रणाच्या तारा, आडव्या वाटांची दारं, सगळ्यांची देखभाल इथूनच होते. गाड्यांचा बोगदा दुरुस्तीसाठी बंद करावा लागला तर समुद्राखालच्या दोन मोठ्या दालनांत गाड्या रूळ बदलून शेजारच्या बोगद्यात जाऊ शकतात. म्हणजे पूर्ण बोगदा बंद न करता एक तृतीयांश तुकडा मोकळा मिळतो.

मुंबईच्या वाचकाला इथे ठाण्याची खाडी आठवेल. मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी वांद्रे-कुर्ला संकुल ते शिळफाटा हा २१ किलोमीटरचा बोगदा होतो आहे, त्यातले ७ किलोमीटर खाडीखालून. तिथे दोन्ही रूळ एकाच, १३.१ मीटर व्यासाच्या नळीत आहेत, मधला बोगदा नाही. अंतर पाहता तो निर्णय समजण्यासारखा आहे. तरी खाडीखालच्या त्या ७ किलोमीटरांत वरून भोक पाडून हवा देता येत नाही, आणि तिथे धुराचं गणित कसं मांडलं आहे हे जाणून घ्यायचा हक्क त्यातून प्रवास करणाऱ्या प्रत्येकाला आहे.

इंग्लंडच्या बाजूने निघालेला ४९ लाख घनमीटर खडू डोव्हरजवळच्या शेक्सपियर क्लिफच्या पायथ्याशी समुद्रात भिंत बांधून तिच्यामागे ओतला गेला. तिथे ३० हेक्टरची नवी जमीन तयार झाली, तिला सॅम्फायर हो म्हणतात. लोक तिथे फिरायला येतात. खडूच्या कोरड्या मातीत गवत रुजलं आहे आणि वसंतात कोळी किड्यासारख्या दिसणाऱ्या फुलांचं दुर्मीळ ऑर्किड उमलतं. कड्याला टेकून काही इमारती उभ्या आहेत. पाणी थंड करणारी यंत्रं तिथेच आहेत, आणि मधल्या बोगद्याला हवा पुरवणारे पंखेही.